फ्लीअरचं जॉर्डन कार्ड: पट्टी कमी, भिंग जास्त
फ्लीअर या अमेरिकन कंपनीच्या १९८६ सालच्या बास्केटबॉलपटूंच्या संग्राह्य कार्डांतलं मायकेल जॉर्डनचं कार्ड (क्र. ५७) पट्टीने मोजलं की असली-नकली कळतं, असं काही जण सुचवतात; मला ते अर्धंच पटतं. २.५ बाय ३.५ इंच हे माप नकली छापणाऱ्यालाही ठाऊक असतं. मोजण्याचा खरा उपयोग कडा कातरल्यात का ते बघायला; झिजलेली कड कापून कार्ड 'कोरं' करणारे कमी नाहीत.

असली-नकलीसाठी १० पट भिंग घ्या आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरातून बाहेर काढूनच बघा. कार्डावरच्या फोटोत रंगीत ठिपके दिसणारच, ऑफसेट छपाईत फोटो ठिपक्यांनीच बनतो, तेवढ्याने घाबरू नका. नजर ठेवायची ती अक्षरांवर आणि बारीक रेघांवर. एकाच शाईत छापलेली अक्षरं मूळ कार्डावर सलग, धारदार दिसतात. स्कॅन करून छापलेल्या कार्डात तीच अक्षरं ठिपक्यांत फुटतात आणि कड विस्कटते. शंका उरलीच तर त्याच १३२ कार्डांच्या संचातलं एखाद्या साध्या खेळाडूचं स्वस्त कार्ड घ्या आणि शेजारी ठेवून कागद, चकाकी, मागची छपाई ताडून बघा. विक्रेत्याच्या फोटोवरून यातलं काहीच नीट जमत नाही.