मोपा-मुंबई-सिंगापूर: घरच्या कार्डांवर लाउंज कुठे कुठे मिळेल?

खिडकीची सीट
२८ जूनला गोव्यातल्या मोपाहून मुंबई, त्याच रात्री मुंबईच्या टी२ (टर्मिनल २) वरून सिंगापूर. परत ५ जुलैला, त्याच मार्गाने. आम्ही तिघं: मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी. तिकिटं सगळी इकॉनॉमी. माझं रुपे सिलेक्ट डेबिट कार्ड आहे, एक व्हिसा क्रेडिट कार्ड आहे (बँकेने सोबत प्रायॉरिटी पास, म्हणजे जगभरच्या लाउंजमध्ये चालणारं वेगळं कार्डही दिलाय) आणि त्याच क्रेडिट कार्डावर बायकोचं ॲड-ऑन (जोडकार्ड). विमानतळावरच्या लाउंजसाठी (बसायची-खायची खास जागा) कोणतं कार्ड कुठे दाखवायचं? आधीपासून काय तयारी लागते?

पाऊणचे पाहुणे
तारखा नकळत झकास निवडल्या आहेत. बहुतेक कार्डांवरचा फुकट एंट्रीचा कोटा कॅलेंडरच्या तिमाहीवर चालतो: जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून वगैरे. तुमचं जाणं एका तिमाहीत आणि येणं दुसऱ्या. रुपे सिलेक्ट डेबिटला तिमाहीला एक देशांतर्गत एंट्री असते आणि वर्षाला दोन आंतरराष्ट्रीय. म्हणजे जाताना मोपाला एक वापरा, येताना मुंबईच्या देशांतर्गत भागात पुन्हा एक मिळेल. बँकेने वर स्वतःची अट घातली आहे का, ते मात्र बँकेच्या साइटवर बघा.

क्रेडिट कार्डाची गोम खर्चाच्या अटीत असते. दोन पद्धती आहेत. पहिलीत *मागच्या* तिमाहीतल्या खर्चावर *या* तिमाहीतली एंट्री मिळते. आयसीआयसीआयच्या बऱ्याच कार्डांना एप्रिल २०२४ पासून ३५,००० ची अट होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती ७५,००० झाली. अशा कार्डावर तुमच्या २८ जूनसाठी जानेवारी-मार्चचा खर्च धरतात, तो आता बदलता यायचा नाही. ५ जुलैसाठी एप्रिल-जून धरतील, तिथे अजून हातात काही आहे. दुसऱ्या पद्धतीत तिमाहीत ठरलेला खर्च झाला की बँकेच्या साइटवरून व्हाउचर स्वतः काढायचं. एचडीएफसीच्या रेगालिया कार्डाला डिसेंबर २०२३ पासून तिमाहीला एक लाख अशी अट आली ती याच धर्तीची. अशा कार्डावर १ ते ५ जुलैत लाखभर खर्च होणं कठीण, तेव्हा जूनमध्येच व्हाउचर काढून त्याची मुदत वाचा.

आणि एटीएममधून काढलेले पैसे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, ईएमआय, कार्डाची फी हे सहसा त्या खर्चात धरत नाहीत. घरभाडं आणि पेट्रोलही कित्येक ठिकाणी वगळलेलं असतं. "मी तर लाखाच्या वर वापरलं" म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

टॅक्सीवे
प्रायॉरिटी पास मुंबईत दाखवू नका. भारतीय बँका देतात त्या पासवरच्या फुकट एंट्री बहुतेक फक्त *भारताबाहेरच्या* लाउंजसाठी असतात. मुंबईचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल म्हणजे परदेश नव्हे! काउंटरवर पास चालतो, माणूस हसून आत सोडतो, आणि महिन्याभराने बिलात माणशी २७ ते ३५ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. तिघांचं मिळून शंभर डॉलरच्या आसपास जातं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय भागात व्हिसा कार्डच किंवा रुपे सिलेक्ट (त्या कार्डाच्या यादीत ते लाउंज असेल तर) चालवा. पास सिंगापूरसाठी राखून ठेवा.

काउंटरवर कार्ड का नाकारलं जातं, तेही सांगतो. मशीनवर खरंच एक व्यवहार होतो, २ रुपयांचा, काही कार्डांना २५ चा. लिमिट संपलं असेल, ॲपमध्ये पीओएस (दुकानातल्या मशीनवरचा वापर) बंद केलेलं असेल, तर २ रुपयेही जात नाहीत आणि एंट्री गेली. पाकीट घरी ठेवून नुसता फोन दाखवणाऱ्यांचीही हीच गत, कारण स्वाइपला प्रत्यक्ष कार्डच लागतं. परदेशी वापर नव्या कार्डांवर मुळात बंद असतो, तो निघायच्या आधी ॲपमधून चालू करा. बोर्डिंग पासवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं पाहिजे.

यादी तपासताना "गोवा" एवढ्यावर थांबू नका. गोव्यात दोन विमानतळ, त्यांचे कोड वेगळे: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. एक यादीत असून दुसरं नसणं अगदी शक्य आहे. जुन्या ब्लॉगवरच्या याद्या तर सोडूनच द्या. कार्ड आणि लाउंज यांच्यामधली मोठी दलाल कंपनी ड्रीमफोक्सने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजचा धंदा बंद केला. त्यानंतर बँकांनी नवे करार केले, याद्या बदलल्या.

खिडकीची सीट
हे प्रायॉरिटी पासचं माहीत नव्हतं, वाचलो. मुलीचं आणि ॲड-ऑनचं काय? आणि मोपाचं विमान मुंबईत टी१ ला उतरलं तर?

पाऊणचे पाहुणे
दोन वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी फुकट. सात वर्षांच्या मुलीला वेगळी एंट्री लागते, काही ठिकाणी मुलांचा कमी दर असतो. ॲड-ऑनचं बँकेगणिक वेगळं: कुठे मुख्य कार्डाच्या कोट्यातूनच वजा होतं, कुठे ॲड-ऑनला लाउंजच नाही. ग्राहक सेवेला नेमकं विचारा: "या तिमाहीत दोन्ही कार्डांवर मिळून किती एंट्री शिल्लक आहेत?" मोघम विचारलंत तर मोघम उत्तर मिळेल. शक्यतो चॅटवर विचारा, लेखी राहतं.

तिघांपैकी दोघंच फुकट जाणार असतील, तर तिसऱ्याचे रोख पैसे आणि बाहेर तिघांनी खाण्याचा खर्च यांची तुलना करा. देशांतर्गत लाउंजला माणशी हजार ते दोन हजार सहज मागतात. सात वर्षांची मुलगी तेवढ्याचं काय खाणार?

टॅक्सीवे
टी१ ला उतरलात तर मध्ये रस्त्याने जेमतेम पाचेक किलोमीटर आहे, पण सामान घेऊन टॅक्सीने टी२ गाठायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. इंडिगोची विमानं दोन्ही टर्मिनलवर असतात, तिकिटावरचं टर्मिनल वाचा. टी२ चं आंतरराष्ट्रीय लाउंज इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकल्यावरच येतं. रात्री दहानंतर तिथे गर्दी, लाउंजबाहेरही रांग. साधारणपणे सुटण्याच्या तीन तास आधीपासून आत घेतात, त्याआधी गेलात तर परत पाठवतात.

चांगीचा फुलपाखरू बाग
सिंगापूरचं एक वेगळेपण. चांगीला टी१, टी२, टी३ आतून जोडलेले आहेत, इमिग्रेशन झाल्यावर स्कायट्रेनने हिंडता येतं. त्यामुळे तुमचं विमान टी१ चं असलं तरी टी३ मधलं लाउंज चालतं. टी४ मात्र तुटक आहे, तिथे बसने जावं लागतं. दुसरं, टी१ ते टी३ या तिन्ही टर्मिनलांवर सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते. लाउंजमधून "शेवटच्या क्षणी" निघायची मुंबईची सवय इथे नडते. गेट बंद व्हायच्या वेळेआधी पाऊण तास तरी उठा. आणि प्रायॉरिटी पासच्या ॲपमध्ये क्यूआर कोड आदल्या दिवशी हॉटेलच्या वायफायवर उघडून ठेवा.