मल्ड वाइन म्हणजे चांगल्या वाइनची वाट लावणं आहे का?

ओंजळभर:
थंडी पडली की मी मल्ड वाइन करतेच. लाल वाइन, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, साखर, मंद आच. आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच की अगं कशाला चांगल्या वाइनची वाट लावतेस. परवा तर घरी आलेल्या एकांनी कप हातातसुद्धा न घेता सांगून टाकलं की गरम वाइन हा प्रकारच मुळात खराब वाइन खपवायला निघालाय. मला हे अजिबात पटत नाही. वाइन बिघडते ती गरम केल्याने नाही, उकळल्याने. बहुतेक जण सगळं एकदम पातेल्यात ओततात, आच मोठी ठेवतात, मग आंबट कडू काढा झाला की दोष पदार्थाला.

मी काय करते ते सांगते. ७५० मिलीच्या बाटलीतली कपभरच वाइन आधी पातेल्यात घ्यायची (स्टीलचं घ्या, साधं ॲल्युमिनियम नको, आंबट पदार्थाने धातूची चव उतरते), त्यात १०० ग्रॅम साखर, दालचिनीचा बोटभर तुकडा, ५-६ लवंगा, १ चक्रफूल आणि संत्र्याची साल, पण फक्त वरची केशरी, आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. मसाले अख्खेच, पूड घातली तर सगळं गढूळ होतं आणि घशात चरचरतं. हे एवढं खुशाल उकळा, चमच्याला जरा चिकटेल असा पाक होईपर्यंत, कारण मसाल्याचा अर्क उतरायला तेवढी उष्णता लागते. मग आच एकदम बारीक, उरलेली वाइन ओतायची आणि वरून वाफ निघायला लागली की बंद. बुडबुडा एकही येऊ द्यायचा नाही. यात वाट लागली कुठे, सांगा ना.

कोरडीलाल:
मी त्या पाहुण्यांच्या बाजूने. पद्धत कितीही जपून केली तरी वाइनचा जीव तिच्या वासात असतो, आणि वास देणारे घटक उडून जाणारेच असतात, गरम केलं की तेच आधी जातात. घरभर सुगंध सुटतो म्हणून आपण खूश होतो, पण जो घरभर पसरला तो कपातून गेला ना! शिवाय लवंग. लवंगेतलं युजेनॉल, म्हणजे तिला वास देणारा घटक, इतकं जोरदार असतं की द्राक्ष कुठलं, कुठल्या मातीतलं, काही कळत नाही. मग वाइन कशाला, काहीही लाल घ्या.

ओंजळभर:
@कोरडीलाल, युजेनॉलचं म्हणालात म्हणून, ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्येसुद्धा तेच युजेनॉल लाकडातून उतरतं, म्हणून तर तिला मसाल्याचा वास येतो. तिथे आपण कौतुक करतो. आणि काहीही लाल घेऊन चालत नाही हो, मी दोन्ही करून पाहिलंय. ओकची, टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) जास्त असलेली वाइन गरम झाली की जीभ आखडते अगदी. मर्लो किंवा ग्रनाश अशी फळकट, मऊ वाइन हवी.

खराब वाइन खपवायचं म्हणाल तर जर्मनीच्या ग्लूवाइनचंच, म्हणजे तिथल्या मल्ड वाइनचंच बघा. युरोपियन युनियनच्या नियमात त्या नावाने विकायचं तर ती वाइनपासूनच केलेली हवी, मुख्य मसाला दालचिनी किंवा लवंग हवा, अल्कोहोल कमीत कमी ७ टक्के हवं, आणि गोडी आणताना येईल तेवढं सोडून वरून पाणी घालायला बंदी. एवढा नियम कोणी टाकाऊ गोष्टीसाठी करत नाही.

तिखटमीठ:
एवढं नाजूक कशाला, आम्ही तर पंधरा मिनिटं मस्त खळखळ उकळतो, अल्कोहोल उडून जातं, म्हणजे ज्यांना गाडी चालवायची आहे ते पण पिऊ शकतात. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं हे शाळेत शिकलोय सगळे.

मापात:
@तिखटमीठ, हे कृपा करून कोणाला सांगू नका, मनापासून सांगतोय. ७८ डिग्री हे शुद्ध अल्कोहोलचं झालं. वाइन म्हणजे पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल, ती ९० च्या पुढे उकळते आणि वाफेत पाणी आणि अल्कोहोल दोन्ही जातात, एक संपलं मग दुसरं असं होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे, त्यात १५ मिनिटं शिजवलेल्या पदार्थात ४० टक्के अल्कोहोल शिल्लक धरलंय, अर्ध्या तासाने ३५, एका तासानेही २५. म्हणजे चव पण गेली आणि अल्कोहोल पण राहिलं. गाडी चालवणाऱ्याला द्राक्षाच्या रसात तेच मसाले घालून द्या, साखर नको, लिंबू पिळा. लहान मुलं पण पितात ते.

लोकरीची:
मला चवीपेक्षा दुसरंच बोलायचंय. थंडीत उबेसाठी म्हणून हे पितात ना, ती ऊब फसवी असते. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं, गाल गरम लागतात, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. घरात बसून प्या, एखादा कप, त्याला कोण नाही म्हणतंय. पण कडाक्याच्या थंडीत बाहेर उभं राहून एकावर एक कप हे मला बरोबर वाटत नाही. गोड आणि गरम असल्याने किती झाली ते समजतही नाही.

ओंजळभर:
@लोकरीची हे एकदम मान्य. मी लहान कपातच देते आणि खायला ठेवतेच सोबत. स्वीडनच्या ग्लॉगमध्ये, म्हणजे तिथल्या मल्ड वाइनमध्ये, कपात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकतात, ते चमच्याने खात खात प्यायचं, त्यामुळे आपोआप सावकाश होतं.

@कोरडीलाल अजून एक. रोमन लोकांची एक मसाला वाइन होती, कोंडिटम पॅराडोक्सम, अपिशियसच्या नावावरच्या जुन्या रोमन पाककृतींच्या संग्रहात पहिलीच ती. त्यात भरपूर मध आणि थोडीशी वाइन एकत्र आटवायची, मिरी, केशर, खजूर वगैरे घालायचं, आणि उरलेली बरीचशी वाइन सगळ्यात शेवटी ओतायची. आधी पाक, मग वाइन! मला हे समजलं तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू. तुम्ही एकदा करून बघाच, मग बोला.

कोरडीलाल:
काल केली. हट्टाने दोन पातेली लावली, एकात सगळं एकदम टाकून उकळलं, दुसऱ्यात तुमची पद्धत. फरक आहे, मान्य. उकळलेली घोटभर पिऊन ठेवून दिली, दुसरीत वाइन लागत होती, तळाशी चेरीसारखी आंबटगोड चव राहिली होती. तरी जपून ठेवलेली बाटली मी यात ओतणार नाही, ते मत तसंच. पण साधी फळकट वाइन असेल तर करीन, फक्त लवंगा तीनच.