घरातला मासळीचा खर्च पगारावर ठरतो की स्वयंपाक करणाऱ्यावर?

काटेकोर:
परवा जेवताना वाद झाला, तोच इथे टाकतोय. बाकी सगळ्यांचं म्हणणं की पगार वाढला की मासळीवरचा खर्च आपोआप वाढतो, विषय संपला. मला नाही पटत. माझा पगार बऱ्यापैकी वाढलाय पण घरात मासे येणं निम्म्यावर आलंय, कारण आई हिंडती-फिरती होती तेव्हा ती पाच मिनिटांत खवले काढून, पोट साफ करून मोकळी व्हायची आणि मला अजून ताजा कुठला शिळा कुठला तेच कळत नाही, कल्ले उचलून बघायचे एवढं माहितीये पण उचलून नक्की काय बघायचं ते नाही. चिकनला असं काही लागत नाही. फसलो तर काय, ही भीतीच खर्च ठरवते असं माझं मत. भाव नंतर.

हिशेबी_माणूस:
कल्ले लालभडक हवेत, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर खड्डा राहायला नको. झालं तुमचं शिक्षण, आता जा आणि घ्या. नाही घेणार, कारण भाव ऐकून परत फिराल. अहो पैसा हीच मुख्य गोष्ट आहे, उगाच भावनिक करू नका. मासळी ही बहुतेक घरांत रोजची गरज नसते, हात आखडला की पहिली तीच सुटते आणि अंडी येतात. उत्पन्न वाढेल तसा अन्नावरचा वाटा कमी होतो हे एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच सांगितलंय पण तो एकूण अन्नाचा हिशेब, आतल्या आत माणूस स्वस्तातून महागात सरकतोच.

दोन_डबे:
महागात सरकतो म्हणजे जास्त खातो असं नाही ना पण. खर्च म्हणजे किलो गुणिले भाव. पैसेवालं घर तेवढेच मासे खातं, फक्त आख्ख्या माशाऐवजी काटे काढलेले काप घेतं, सोललेली कोळंबी घेतं. मग खर्च दुप्पट दिसला तरी पोटात गेलेली मासळी तेवढीच. आणि हे सोलायचे जे पैसे आपण देतो ते खरं तर वेळेचे पैसे आहेत, माशाचे नाहीत. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात हेच होतं. म्हणजे धागाकर्ते अर्धे बरोबर आहेत.

हिशेबी_माणूस:
वेळ विकत घ्यायलाही पैसाच लागतो. म्हणजे मी पूर्ण बरोबर.

रकाना_७:
दोघंही दोन वेगवेगळे प्रश्न एकात कालवताय. घरखर्चाच्या सर्व्हेत मासळीच्या रकान्यात ढिगाने शून्य येतात आणि ते सगळे शून्य एकसारखे नसतात. कोणी मासे खातच नाही, कोणाला परवडत नाही, आणि कोणी खातं पण नेमकं नोंदीच्या आठवड्यात आणले नाहीत. तिघांना एकच समजून सरासरी काढली की उत्तर भलतंच येतं. म्हणून अभ्यासक दोन पायऱ्या करतात, आधी 'घेणार की नाही' आणि मग 'घेणार तर कितीचं'. माझ्या मते पहिल्या पायरीवर सवय, चव, वास, घरात कोण काय खात नाही, लहानपणी ताटात मासे होते का हे सगळं चालतं. दुसरीवर भाव, उत्पन्न आणि खाणारी तोंडं किती ते. काटेकोर पहिल्या पायरीवर अडकलेत, हिशेबी दुसरीवर उभे राहून त्यांना हाका मारतायत.

भरती_ओहोटी:
बातम्यांचा परिणाम कोणीच धरला नाही. अमेरिकेत जानेवारी २००१ मध्ये गरोदर बायकांना पाऱ्यामुळे शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकेरल आणि टाइलफिश टाळा असं सांगितलं गेलं. फक्त चारच मासे. पण तिथल्या गरोदर बायकांच्या एका अभ्यासात दिसलं की त्यानंतर त्यांनी यादीत नसलेले मासेही कमी केले, डबाबंद ट्यूनासुद्धा. भाव तोच, पगार तोच, तरी खरेदी घटली. याला पैसा कसं म्हणणार?

हिशेबी_माणूस:
एक घाबरवणारी सूचना म्हणजे कायमचा नियम नव्हे. उलट मोठा बदल बघा ना, जगात माणशी मासळी १९६१ मध्ये वर्षाला साधारण ९ किलो होती ती २०२१ मध्ये २० किलोच्या वर गेली. जगभरच्या आया काय अचानक खवले काढायला शिकल्या? उत्पन्न वाढलं, शीतसाखळी म्हणजे माल दुकानापर्यंत थंड ठेवायची सोय आली, आणि मत्स्यशेती एवढी वाढली की २०२२ मध्ये तिने पकडलेल्या मासळीला मागे टाकलं. कोळंबी आणि सॅमन ही चैनीची गोष्ट राहिली नाही ती यामुळेच.

रकाना_७:
ते किलो जिवंत वजनाचे आहेत हां, डोकं, काटा, कवच सगळं धरून. ताटातलं बरंच कमी. आणि ही सरासरी आहे, एखाद्या घराने का घेतलं नाही हे तिच्यातून कळत नाही.

दोन_डबे:
हेच तर घरात कोणी मोजत नाही! आख्खा मासा घेतला की बऱ्याचदा निम्म्याच्या आसपासच खायचं उरतं, कोळंबीचंही तेच. म्हणून आख्खा 'स्वस्त' आणि काप 'महाग' हे नेहमी खरं नसतं, खाण्याजोग्या किलोचा भाव काढून बघा एकदा. फ्रोजनचं पण असंच, उणे १८ अंशाला नीट ठेवलेला मासा तीन दिवस बर्फावर लोळलेल्या 'ताज्या'पेक्षा बरा निघू शकतो पण आमच्या घरी फ्रोजन म्हटलं की सासरे ताट सरकवतात, मग महागातलंच आणावं लागतं. हा खर्च कशात टाकू? उत्पन्नात की सासऱ्यांत?

हिशेबी_माणूस:
सासऱ्यांत. 😄 पण ते महागातलं तुम्ही आणू शकता म्हणून ते ताट सरकवतात.

काटेकोर:
रकाना यांचं दोन पायऱ्यांचं पटलं, तरी हिशेबींना पूर्ण गुण देणार नाही. आज सकाळी लालभडक कल्ले बघून आख्खा मासा आणला आणि स्वतः साफ केला. अर्धा कचऱ्यात गेला, त्यातला निदान पाव भाग खायचा होता असं आई पलंगावरून म्हणाली.