घरात रोपे तयार करण्यासाठी मातीचे मिश्रण: सल्ला हवा (कोल्हापूर)

राजारामपुरीहून विचारणा:
नमस्कार. जूनचा पाऊस धरण्याआधी मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे घरातच खिडकीजवळ तयार करण्याचा माझा विचार आहे. गेल्या वर्षी गावाकडच्या रानातली काळी माती आणून तिच्यात निम्मे शेणखत मिसळले होते. मिरची उगवली चांगली, पण दोन पानांवर असतानाच एकेक रोप मातीलगत दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे पडत गेले आणि आठवड्याभरात चाळिसांपैकी सहाच रोपे उरली. ज्या मातीत वडिलांचा ऊस एवढा जोमाने येतो, तिच्यात मिरचीचे रोप का टिकू नये, हे मला उमगलेले नाही. घरी मिश्रण करताना काय आणि किती घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कसबा बावड्याहून:
ताई, ही रोपांची मर आहे. तिची बुरशी मातीतच असते आणि पाणी साचून राहिले की बळावते. काळ्या मातीचा कण अतिशय बारीक असल्यामुळे ती भिजली की फुगते, सुकली की आवळते. उसाच्या मुळांना तिने धरून ठेवलेली ओल उपयोगी पडते, पण दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये त्याच गुणामुळे मुळांभोवती हवा उरत नाही. शिवाय बियाण्याला सुरुवातीला खत जवळजवळ लागतच नाही, कारण पहिल्या दोन पानांपुरते अन्न बियातच साठवलेले असते.

मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग बारीक चाळलेले गांडूळखत आणि एक भाग धुतलेली जाड वाळू घेतो. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून पिळून काढावे. प्रमाणापेक्षा मुठीवर माझा अधिक विश्वास आहे: ओले मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाददुसराच थेंब यावा आणि मूठ उघडून बोटाने टोचताच गोळा विस्कटावा. पाण्याची धार लागली तर मिश्रण थोडा वेळ पसरून ठेवावे. गोळा फुटलाच नाही तर वाळू वाढवावी.

कागलहून:
वरील सल्ला योग्य आहे, मात्र वाळूने ट्रे जड होतो, म्हणून मी तिच्या जागी भाताचे अर्धवट जळालेले काळे तूस वापरते. आपल्या भागात साखर कारखान्याचे प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि गुऱ्हाळावरचे उसाचे चिपाड सहज मिळते, पण ते कच्चे असताना रोपांना अजिबात घालू नये. कच्चे प्रेसमड कुजताना तापते, आणि चिपाड कुजताना मिश्रणातला नत्र ओढून घेते, त्यामुळे रोपे पिवळी पडतात.

राजारामपुरीहून:
मनःपूर्वक आभार. पाणी वरून द्यावे का? आणि उरलेल्या काळ्या मातीचे काय करावे?

कसबा बावड्याहून:
पाणी वरून देऊ नये. ट्रे अर्धा तास पाण्याच्या परातीत ठेवून उचलावा आणि वरचा थर सुकल्यासारखा दिसल्यावरच पुन्हा ठेवावा. जुने ट्रे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. काळी माती टाकून देऊ नका. चार-पाच पानांची रोपे मोठ्या कुंडीत हलवताना तीन भागांत एक भाग ती घातली, तर उन्हाच्या दिवसांत कुंडीतली ओल टिकते. मिरची उगवायला आठ ते बारा दिवस घेते, तेव्हा पाचव्या दिवशी बी उकरून पाहू नये.