मित्राचं अर्धं राहिलेलं चित्र, इंक करून घ्यावं का?

आमचा मित्र फेब्रुवारीत गेला. डीअँडडीसारखे फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचे जे टेबलटॉप गेम असतात त्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. राहायचा गिरगावात चाळीत, दर शनिवारी रात्री आम्ही त्याच्याकडेच खेळायला बसायचो. पुस्तकात नुसतं 'अंधारा जिना' असं असायचं आणि हा काढायचा तो त्यांच्या चाळीचा लाकडी जिना, झिजलेल्या पायऱ्यांसकट, आणि वरच्या कठड्यावर राक्षस बसलेला. बाहेरच्या छोट्या प्रकाशकांनी छापलेत ते जिने.

परवा काकूंनी त्याची ट्रंक माझ्याकडे दिली. सगळ्यात वर एक अर्धं चित्र, आमची पाच पात्रं होडीतून भाऊच्या धक्क्याला लागतायत. होडी, पाणी, कपडे सगळं शाईत झालंय, चेहरे फक्त पेन्सिलीत, कारण चेहरे तो नेहमी शेवटी करायचा. ग्रुपमधले म्हणतायत कोणाकडून तरी इंक करून, म्हणजे पेन्सिलीवरून शाईने गिरवून घेऊ आणि छोटी पुस्तिका छापू. मला ते नको वाटतंय पण नीट सांगता येत नाहीये. आणि पाऊस तोंडावर आलाय, एवढे कागद ठेवायचे कसे?

प्रतिसाद १
मी जेजेत शिकलेय. मूळ कागदाला हात लावू देऊ नका प्लीज, शाई झाली की वरून रबर फिरवतात, मग त्याची पेन्सिल गेली ती गेलीच. आधी फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ फाइलमध्ये ठेवा. इंक करायचंच ठरलं तर दुसऱ्या कागदावर फिकट निळी प्रिंट काढून तिच्यावर करतात, कॉमिक्सवाले असंच करतात. ट्रंक बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, ओल येते. दोन चित्रांमध्ये ॲसिड-फ्री कागद घाला, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळाभर बदलत राहा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको.

प्रतिसाद २
छापायच्या आधी एक बघा. कागद तुमच्याकडे आला म्हणजे हक्क आले असं नाही, आपल्याकडे कॉपीराइट चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, तो वारसांकडे जातो. काकूंची लेखी परवानगी घ्या. प्रकाशकांना दिलेल्या चित्रांचे करार वेगळे असतील, ते ईमेल शोधा.

प्रतिसाद ३
डीअँडडीचा जुना चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियर आठवला. त्या गेमच्या १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकच्या कव्हरवर मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उचकटणारे चोर आहेत ना, ते त्याचं. ड्रॅगन मासिकातली त्याची 'वर्मी' ही चित्रकथा १९८८ मध्ये अर्ध्यातच थांबली, तो २०१४ ला गेला, गोष्ट तशीच राहिली. मी ती अजूनही काढून वाचतो, आणि शेवट दुसऱ्या कोणी करावा असं मला एकदाही वाटलेलं नाही. तुमचं चित्र पेन्सिलीसकटच छापा.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार सगळ्यांचे. आज काकूंकडे जाऊन आलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, पेन्सिलीतल्या मिशीवरून मला बरोब्बर ओळखलं, आणि म्हणाल्या, "त्याने हात लावलाय तेवढंच राहू दे, पण मला एक मोठी कॉपी काढून आण." उद्या स्कॅनला नेतोय.