मॅस्टोडॉनला निघालात, पण पत्ता कोणाचा?

उंबरठा (धागाकर्ते)

ट्विटर (आताचं एक्स) सोडावं का, यावर पुष्कळ बोलून झालंय. माझं मत: सोडा आणि मॅस्टोडॉनवर (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचं समाजमाध्यम) या. एका कंपनीच्या मालकीच्या जागेत नियम कधी फिरतील याचा भरवसा नाही. डिसेंबर २०२२मध्ये मॅस्टोडॉनचे दुवे देण्यावरच ट्विटरने बंदी घातली होती. ओरड झाल्यावर मागे घेतली, ती गोष्ट वेगळी. मॅस्टोडॉन ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपबवर चालतं, तो डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१८मध्ये प्रमाणित केलेला प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, आहे. तो कुणा मालकाच्या लहरीवर बंद पडत नाही.

निघताना घाई नको. आधी जुन्या खात्याचा संग्रह मागवा. तो तयार व्हायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. त्यातली गोम अशी की, तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या यादीत नावं नसतात, नुसते खातेक्रमांक असतात. म्हणून खातं चालू आहे तोवर त्या क्रमांकांवरून नावं काढून घ्या. संग्रहातल्या मजकुरात दुवेही आखूड केलेल्या रूपात असतात. पूर्ण पत्ते त्याच फाइलमध्ये वेगळ्या रकान्यात सापडतात, ते उचला.

खातं लगेच पुसू नका. बंद केल्यावर ३० दिवसांनी ते कायमचं जातं आणि नाव दुसऱ्याच्या हाती पडू शकतं. नव्या पत्त्याची नोंद परिचयात टाकून ते तसंच पडू द्या.

सर्व्हर निवडताना त्याचं माहितीचं पान वाचा: चालवतं कोण, नियम काय, कोणते सर्व्हर अडवलेत. नाहीच पटला, तर पुढे खातं हलवता येतं. हीच तर खरी मुभा आहे.

तिरकस

"खातं हलवता येतं" हे वाक्य फार सहज टाकलंत. हलतं काय ते नीट सांगा की.

नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, तिथल्या सेटिंगमध्ये जुना पत्ता उपनाम म्हणून नोंदवायचा, मग जुन्या खात्यात जाऊन "हलवा" म्हणायचं. क्रम उलटा केला की काम होत नाही. यातून फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ती यादी, म्यूट, ब्लॉक आणि बुकमार्क मात्र सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल काढून स्वतः चढवायचे. चढवताना "विलीन करा" निवडा. "बदलून टाका" निवडलंत तर नव्या खात्यावर आधी जमवलेलं पुसलं जातं. ज्यांची खाती कुलूपबंद आहेत (फॉलोला मंजुरी लागते), त्यांच्याकडे पुन्हा परवानगी मागावी लागते. आणि पोस्टी? त्या जुन्या सर्व्हरवरच राहतात. एकही सोबत येत नाही. एकदा हललात की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असेल तर. तो एका रात्रीत बंद पडला की "हलवा" म्हणायला जागाच उरत नाही, कारण तो निरोप जुन्या सर्व्हरनेच सही करून धाडायचा असतो. फेब्रुवारी २०२४मध्ये क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरचं डोमेन अफगाणिस्तानच्या नोंदणी खात्याने बंद केलं. यंत्र धडधाकट असून उपयोग काय, पत्ताच गेला. कंपनी नको म्हणून निघालात आणि एका अनोळखी हौशी माणसाच्या भरवशावर राहिलात, याला सुटका म्हणायचं?

रात्रपाळी

सर्व्हर चालवणाऱ्यांच्या बाजूने. "हौशी माणूस" हा शब्द खटकला, पण मुद्दा खोटा नाही.

मॅस्टोडॉन म्हणजे रेल्स (वेबचा सांगाडा), पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (झटपट साठवण), साइडकिक (मागची कामं रांगेने उरकणारा) आणि स्ट्रीमिंगसाठी नोड. पूर्ण मजकुराचा शोध हवा तर वर इलॅस्टिकसर्च. आधी गळा धरते ती डिस्क. बाहेरच्या लोकांची चित्रं तुमच्या सर्व्हरवर साठत राहतात, म्हणून टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या देखभाल-साधनाची मीडिया रिमूव्ह ही आज्ञा क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी) लावावी लागते. वेगळा आकडा दिला नाही तर ती ७ दिवसांपूर्वीचं बाहेरचं मीडिया उडवते. त्यानंतर साइडकिकची रांग. पुश आणि पुल (बाहेर धाडायच्या आणि बाहेरून आणायच्या कामांच्या) या रांगा तुंबल्या की पोस्ट तासाभराने पोचते आणि लोक म्हणतात "मॅस्टोडॉन मंद आहे". साइडकिकचे नुसते धागे (एकाच वेळी काम करणारे हात) वाढवून भागत नाही. डेटाबेसच्या जोडण्यांचा साठाही (पूल) तेवढाच वाढवावा लागतो, नाहीतर धागे जोडणीची वाट बघत बसतात.

सर्वांत महागात पडते ती वेगळीच चूक: पोस्टग्रेसचा बॅकअप नसताना त्याच डोमेनवर नव्याने सर्व्हर उभा करणं. इतर सर्व्हरांकडे जुन्या खात्यांच्या किल्ल्या (सही पडताळायच्या) असतात, नव्या सह्या त्यांच्याशी जुळत नाहीत, आणि तुमचा निरोप कुणी स्वीकारत नाही. डोमेन वाया गेलं म्हणून समजा. पोस्टग्रेसच्या डंपसोबत (डेटाबेसची पूर्ण प्रत) एन्व्ह प्रॉडक्शन ही सेटिंगची फाइल ठेवा. त्यातल्या गुप्त किल्ल्या हरवल्या तर लोकांचं दुहेरी लॉगिन मोडतं.

तेव्हा सर्व्हर निवडताना विचारा: बॅकअप कुठे आहे, आणि तो परत चढवून बघितलाय का? एकच माणूस आहे की दोघांकडे चाव्या आहेत? मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर बंद करण्याआधी ३ महिने सूचना द्यायला बांधील असतात. ती हमी डोमेन गेल्यावर कामाची नाही, पण "कंटाळलो, बंद करतो" म्हणणाऱ्यांपासून वाचवते.

शेवटचा_डबा

खाजगी निरोपांबद्दल कुणीच बोललं नाही? मॅस्टोडॉनवर ते एंड-टू-एंड कुलूपबंद (फक्त दोन टोकांनाच वाचता येतील असे) नाहीत, सर्व्हरच्या चालकाला डेटाबेसमधून वाचता येतात. वर निरोपात तिसऱ्याचा पत्ता ॲटसकट लिहिलात, तर तो निरोप त्यालाही जातो. कुणाची चहाडी करताना जपून.

नीलकंठी

या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच: तुमची ओळख सर्व्हरच्या नावाला शिवलेली आहे. ब्लूस्काय हे दुसरं समाजमाध्यम ज्यावर चालतं, त्या एटी प्रोटोकॉलमध्ये ती वेगळी काढलीय. खात्याला डीआयडी नावाचा कायमचा ओळखक्रमांक, आणि दिसणारं नाव हे तुमचं स्वतःचं डोमेन असू शकतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकायची, नाव अंडरस्कोर-एटीप्रोटो, मजकुरात तुमचा डीआयडी. उद्या डोमेन गेलं तर नाव "अवैध" दिसेल, पण खातं, पोस्टी, फॉलोअर जागच्या जागी. सर्व्हर बदलला तरी पोस्टी सोबत येतात. सगळं भांडार एका कार नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरतं. चित्रं त्यात नसतात, ती वेगळी उतरवावी लागतात, हे विसरू नका.

तिरकस

आणि हे डीआयडी नोंदवणारी वही कोणाकडे? जवळपास सगळ्यांचे डीआयडी पीएलसी प्रकारचे (मध्यवर्ती निर्देशिकेत नोंदवलेले), आणि त्यांची निर्देशिका ब्लूस्कायच चालवतं. नोंद बदलायची किल्लीही मुळात त्यांच्याच सर्व्हरकडे असते. सर्व्हर सहकार्य करतोय तोवर स्वतःची वरच्या क्रमाची किल्ली जोडून ठेवली तरच तुम्ही मोकळे. तशी किल्ली असेल, तर कुणी केलेला फेरफार ७२ तासांत उलटवता येतो. हे किती जण करतात?

उंबरठा

नीलकंठींचा मुद्दा मान्य, ओळखीची रचना तिकडे सरस आहे. पण तिरकस यांनी बोट ठेवलंय तिथेच माझं घोडं अडतं. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बुडाला तर त्याच्यापुरतं नुकसान होतं. तिकडे निर्देशिकाच अडली तर सगळ्यांचं.

स्वतःचं डोमेन असलेल्यांना मॅस्टोडॉनसाठीही वेबफिंगरची (पत्त्यावरून खातं कुठे आहे ते सांगणारी) फाइल ठेवता येते. आपल्या डोमेनचा पत्ता शोधला की खातं सापडतं.

नीलकंठी

ती नुसती पाटी झाली. फॉलोअर जोडलेले असतात आतल्या सर्व्हरच्या पत्त्याला. तो सर्व्हर गेला की पाटी कुठेच नेत नाही. खरी मालकी हवी तर स्वतःच्या डोमेनवर सर्व्हर, म्हणजे रात्रपाळी यांनी सांगितलेला सगळा पसारा गळ्यात.

अनाहूत

ज्यांचं काम सूचना पोचवणं आहे (संस्था, ग्रंथालयं, नियतकालिकं), त्यांनी दोन्हींतलं एक निवडू नये. मजकूर आधी स्वतःच्या संकेतस्थळावर, आरएसएस (नवा मजकूर वाचकांकडे आपोआप पोचवणारी सोय) चालू, मग तिथून सगळीकडे. मॅस्टोडॉनवर ५०० अक्षरं, ब्लूस्कायवर ३००, तेव्हा गाभा ३००तच बसवा. दोन्हीकडे लिहायचा कंटाळा असेल तर ब्रिजी फेड हा दोन्हींना जोडणारा पूल आहे. मॅस्टोडॉनवरून त्याच्या ब्लूस्काय-खात्याला फॉलो केलं की तुमच्या पोस्टी तिकडे दिसू लागतात. पुलापलीकडून येणारी उत्तरं मात्र त्या माणसानेही पूल चालू केला असेल तरच पोचतात. समोरून कुणी बोलत नाही म्हणून रुसण्याआधी हे तपासा.

रात्रपाळी

पुरवणी. तुमच्या सर्व्हरला दुसऱ्या मोठ्या सर्व्हरने निलंबित केलं, तर तिथल्या लोकांशी असलेली फॉलोची नाती तुटतात, आणि निलंबन उठलं तरी आपोआप जुळत नाहीत. मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून तुटलेल्यांची यादी सूचनेत मिळते, उतरवूनही घेता येते. त्याआधीच्या आवृत्तीवर कळायचंसुद्धा नाही. म्हणून फॉलो यादीची सीएसव्ही दर महिन्याला काढून ठेवा. संपूर्ण संग्रह दर ७ दिवसांतून एकदाच मागता येतो, सीएसव्हीला तशी अट नाही.