विषय: वर्गातल्या भिंतीवरच्या दहा आज्ञा

डॅलसच्या उत्तरेकडून, सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

टेक्सासचा नवा कायदा ठाऊक असेलच. सप्टेंबर २०२५ पासून सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक, कमीत कमी १६ बाय २० इंचांचा, वर्गात कुठूनही वाचता येईल असा. काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये फेडरल न्यायाधीशांनी सुरुवातीला तो थांबवला होता. आमच्याकडे मात्र लागला आहे.

धाकटी दुसरीत आहे. परवा दप्तरातून डबा काढता काढता विचारते, "आई, ग्रेव्हन इमेज म्हणजे आपला गणपती का?" (ग्रेव्हन इमेज म्हणजे कोरलेली मूर्ती, ती करू नका असं त्या फलकावर आहे.) मी म्हटलं, आधी हात धू. दुसरं काही सुचलंच नाही. शाळेला लिहावं का? आजूबाजूच्या बायका चर्चला जाणाऱ्या आहेत, अडीनडीला धावून येणाऱ्या आहेत. त्यांना दुखवायचं नाहीये. कुणी सांगेल का?

ह्यूस्टनहून, मंगळवारी सकाळी

ताई, मनाला लावून घेऊ नका. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. सकाळी शाळेत 'अवर फादर', संध्याकाळी घरी रामरक्षा. काही बिघडलं नाही. इथले चर्चवाले घर धरून राहणारे, मुलांवर लक्ष ठेवणारे, मोठ्यांना मान देणारे. आपल्याला जवळचे तेच. शुगर लँडच्या नव्वद फुटी हनुमानावरून आधीच बरंच बोललं गेलं आहे. आणखी वाद कशाला ओढवून घ्यायचा?

डॅलसहून, मंगळवारी रात्री

मंडळी,

मी या लिस्टवर फारशी लिहीत नाही. पण हा विषय माझ्या घरचा आहे. मी नगरची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. इथे गेली बावीस वर्षं सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये जाते. दहा आज्ञा मी संडे स्कूलमध्ये मराठीतून पाठ केल्या, आईच्या मांडीवर बसून. त्या मला प्राणाहून प्रिय आहेत, म्हणूनच लिहिते.

भाऊ म्हणतात ते माझ्या चर्चच्या लोकांबद्दल खरंच आहे. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे आमच्या घरी चूल पेटली नाही. दारात कॅसरोलचे ट्रे यायचे, प्रत्येकाच्या तळाला मास्किंग टेपवर नाव लिहिलेलं, म्हणजे परत करताना घोटाळा नको. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये एकत्र जेवण, त्यात विधवा, एकटे म्हातारे, सगळे. कुटुंब म्हणजे देवाने सोपवलेली ठेव, हे ती माणसं नुसतं बोलत नाहीत, तसं जगतात.

गर्भपाताबद्दलही त्यांचं आणि माझं मत एकच. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. चोवीस आठवड्यांचं बाळ माझं बोट धरतं. गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या 'रो' निकालाबद्दल माझं मन कधी राजी नव्हतं, आणि २४ जून २०२२ ला तो रद्द झाला तेव्हा मी देवाचे आभार मानले. या लिस्टवर अशा लोकांना मागासलेले म्हटलेलं मी वाचलं आहे. ते मला लागतं. पण माझ्या चर्चमधले मित्र जेव्हा म्हणतात की बॅप्टिस्टांचं मत पहिल्यापासून हेच होतं, तेव्हा मी त्यांनाही सांगते की १९७१ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात याच सदर्न बॅप्टिस्टांनी काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता. आमची मतं राजकारणाच्या वाऱ्याने किती हलली, हे आमचं आम्हाला तपासायला हवं. २०१६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे आमच्यासारख्या कट्टर बायबलनिष्ठ, मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्पना मत दिलं. तेच बायबल वाचणाऱ्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या बहुतेकांनी त्यांच्या विरोधात दिलं. मग मत बायबलनेच ठरवलं, असं कसं म्हणायचं?

आता फलक. भाऊ, कॉन्व्हेंट तुमच्या आईवडिलांनी निवडली, फी भरली. ही शाळा सरकारची, आणि मुलाला शिकवणं कायद्याने बांधलेलं. यावर सगळ्यात आधी कुणी रान उठवलं असेल तर बॅप्टिस्टांनीच. कनेटिकट राज्यात काँग्रिगेशनल हे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाचं चर्च सरकारमान्य होतं, त्याच्या खर्चासाठी कर. बॅप्टिस्टांना त्यातून सुटायचं तर आपण वेगळ्या पंथाचे असल्याचा लेखी दाखला द्यावा लागे. १८०१ मध्ये तिथल्याच डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सनना पत्र लिहून तक्रार केली की आमचं धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून नाही, मेहरबानी म्हणून मिळतं. १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफर्सननी चर्च आणि सरकार यांच्यातल्या भिंतीचा उल्लेख केला. आमच्या नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच काँग्रिगेशनल परंपरेचं. नगरला मात्र त्यांच्या हाती सरकार नव्हतं, माणसाच्या मनाशीच बोलावं लागलं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई घेईनात. घर मोडायची वेळ आली. काही वर्षांनी त्या आल्या त्या स्वतःच्या मनाने. खुद्द नवऱ्याला जे जबरदस्तीने जमलं नसतं, ते शाळेच्या भिंतीला कसं जमावं?

आणि एक. जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या पालकांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. लिंगभाव आणि समलैंगिकतेविषयीच्या गोष्टींच्या पुस्तकांवेळी मुलाला वर्गाबाहेर नेण्याचा त्यांचा हक्क कोर्टाने मानला. त्यांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते. आमच्या चर्चमध्ये आनंद झाला, मलाही झाला, कारण मुलाला धर्म शिकवणं आईबापाचं काम. मग हाच हक्क माझ्या हिंदू शेजारणीला नको? पुस्तक उघडलं की मूल बाहेर नेता येतं. फलक तर दिवसभर समोर. मी हे आमच्या बायबल स्टडीत बोलले. दोघी गप्प झाल्या. एक रडली, म्हणाली, माझ्या नातवाच्या वर्गात कुणी दुसऱ्या धर्माचं लावलं तर मी शाळा डोक्यावर घेईन.

ताई, लेकीला खोटं सांगू नका. आमच्या शास्त्रात मूर्तिपूजा नाही, मी ते गोड करून सांगणार नाही. पण बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आज्ञा सुरू होण्याआधी देव म्हणतो, मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यातून बाहेर आणलं. मग आज्ञा. सोडवणाऱ्याने सोडवलेल्यांशी केलेला तो करार आहे. यहुदी लोक तर त्या वाक्यालाच पहिलं वचन मानतात. टेक्सासच्या फलकावर 'मी परमेश्वर तुझा देव' एवढंच आहे, मिसर आणि दास्य गाळलं आहे. सोडवणूक गेली, हुकूम राहिला. मला सगळ्यात जास्त दुःख त्याचं आहे.

शाळेला जरूर लिहा. तुमच्या पत्राखाली मी सही करते, चर्चच्या नावाचा उल्लेख करून.

डॅलसच्या उत्तरेकडून, बुधवारी

काकू, तुमचं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. स्कूल बोर्डाच्या पुढच्या बैठकीत पालकांना तीन-तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी नाव दिलं आहे. तुम्ही शेजारी उभ्या राहाल का? आणि त्याआधी शनिवारी जेवायला या, येताना तुमचं मराठी बायबल आणा. लेक विचारते आहे, मिसरमधून त्यांना कसं सोडवलं.